यंत्राने काढलेले तीनशे कामगार

ही गोष्ट मी आजवर कोणालाही धड सांगितलेली नाही. बायकोला अर्धी सांगितली होती, तीही मला सोयीची अर्धी. निवृत्तीच्या समारंभात ‘आपल्या पहिल्या संगणकाविषयी दोन शब्द बोला’ असा आग्रह झाला, तेव्हा मी ती थंडगार खोली, पोलादी कपाटं, चपला बाहेर काढून आत जाणारे आम्ही, असं सगळं रंगवून सांगितलं. लोक हसले आणि मी खाली बसलो. पुढेही कोणी विचारलं की तेवढंच सांगत आलो. चपलांपाशी लोक नेहमी हसतात. तिथे थांबलं की पुढचं कोणी विचारत नाही.

आता लिहायला बसलो त्याला कारण माझी नात. आम्ही बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि ती घरूनच काम करते. हजारो माणसं आपापल्या मोबाइलवर एकाच वेळी एकमेकांविरुद्ध खेळतात अशा एका खेळाचा सर्व्हर तिची कंपनी चालवते. त्याच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, तो अधिक वेगाने चालेल असं बघायचं, हे तिचं काम. गेल्या महिन्यात एका दुपारी ती जेवायला उठेना. ताट झाकून ठेवलं. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, “एका खेळाडूचा आकडा पुसला जात नव्हता आजोबा. पुढच्याला जाऊन चिकटत होता.”

मी विचारलं, मग काय केलंस?

“काय करणार? दुरुस्त केलं. आणि सगळ्यांना कळवलं की चूक आमची होती, माफ करा.” एवढं बोलून तिने दही मागितलं.

हीच चूक मी केली होती. असाच खेळ, असाच न पुसलेला आकडा. तिने जे एका दमात सांगून टाकलं, ते मला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

साठचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीहून गणिताची पदवी घेऊन बंगळूरला एका सरकारी कारखान्यात लागलो होतो. कानडीचा गंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी हातवारे करून ताक मागत होतो, तेव्हा मागून कोणी तरी मराठीत म्हणालं, “मज्जिगे म्हण रे तम्मा, मज्जिगे. तसा हात हलवलास तर तो तुला हात धुवायला पाणी आणून देईल.”

ते अण्णा. म्हणजे सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. मी त्यांचा तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन राहिलेलं. त्यांची मराठी निम्मी कानडीत भिजलेली होती आणि माझी मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. टर्नर म्हणून ते भरती झाले आणि चढत चढत मशीन शॉपचे सुपरवायझर झाले होते. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचं घर होतं. तिथे रविवारी मी जेवायला जात असे. त्यांच्या पत्नीला मी अक्का म्हणायचो. खोली त्यांनीच मिळवून दिली, खाटही त्यांचीच.

त्यांच्याकडे अधिकारापेक्षा मोठी एक गोष्ट होती. कामगार त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत. कोणाची रजा अडली, कोणावर दंड बसला, की युनियनच्या आधी माणसं अण्णांकडे जात. साहेबलोकही त्यांनाच मध्ये घालत. त्यांचं अख्खं आयुष्य त्या विश्वासावर उभं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संगणक आला तेव्हा त्याच्या पेट्या लॉरीतून उतरवायला कामगार तयार नव्हते. हे यंत्र आधी कारकुनांना खाईल आणि मग आपल्याला, असं सगळीकडे बोललं जात होतं. अण्णा माझ्या खोलीवर आले. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, “खरं सांग तम्मा. हे माणसं कमी करणार काय?”

मी म्हणालो, नाही. पगाराचे हिशेब करील, आकडेमोड करील, बस्स. मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन शॉपमध्ये जाऊन सांगितलं, “मी विचारून आलोय. तो पोरगा आपल्या घरचा आहे, खोटं बोलणार नाही.” पेट्या उतरल्या.

पुढे प्रशिक्षण विभागाचे प्रमुख परदेशातून एक खेळ घेऊन आले. अधिकाऱ्यांनी व्यवस्थापन शिकावं म्हणून तो तयार केलेला होता. अधिकाऱ्यांचे गट करायचे. प्रत्येक गट म्हणजे एक काल्पनिक कंपनी. सगळ्या कंपन्या पंप बनवतात आणि एकाच बाजारात विकतात. प्रत्येक फेरीत गटाने एका कागदावर आपले निर्णय लिहून द्यायचे. भाव किती, पंप किती काढायचे, जाहिरात किती, कामगार किती घ्यायचे, किती काढायचे. ते आकडे कार्डांवर भोकं पाडून संगणकाला द्यायचे. संगणक सगळ्यांचे निर्णय एकमेकांशी ताडून कोणाचं काय झालं ते छापून द्यायचा. मग पुढची फेरी. एका गटाचा कागद दुसऱ्याने बघू नये म्हणून कार्डं तयार झाली की कागद तिथल्या तिथे फाडून टाकायचे, असा नियम होता.

या खेळाचा प्रोग्राम कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपात आला होता आणि त्यात चुका खच्चून भरलेल्या होत्या. एक कंपनी बनवलेल्या पंपांपेक्षा जास्त पंप विकायची. आणि एखाद्या गटाने एखादा रकाना कोरा सोडला, की संगणक जागच्या जागी थांबायचा. हे सगळं दुरुस्त करणं माझ्याकडे आलं. मला त्यात फार मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. कोऱ्या रकान्यावर मी तोडगा काढला. रकाना कोरा असेल तर तो ओलांडून पुढे जायचं.

त्यानंतर प्रमुखांची तक्रार आली की निकाल फार उशिरा येतो. अधिकारी सभागृहात कॉफी पीत ताटकळत बसतात. मी प्रोग्राम पुन्हा वाचला. प्रत्येक गटाचं कार्ड घेण्याआधी तो आधीच्या गटाचे सगळे आकडे पुसून पाटी स्वच्छ करायचा. मला ते काम फुकटचं वाटलं. नवा आकडा जुन्यावरच लिहिला जाणार, तर आधी पुसायचं कशाला? मी ते पुसणं काढून टाकलं, इतरही काही किरकोळ बदल केले, आणि निकाल चांगलाच लवकर येऊ लागला. चाचणी घेतली तेव्हा आम्ही सगळे रकाने भरले होते. सगळं बरोबर आलं. जनरल मॅनेजरांनी माझं नाव विचारून घेतलं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. कोरा रकाना ओलांडून जायचं, आणि पाटी पुसायची नाही. वेगवेगळ्या बघितल्या तर दोन्ही सुधारणा ठीक होत्या. एकत्र आल्या की कोरा रकाना सोडणाऱ्या गटाला त्याच्या आधीच्या गटाचा आकडा मिळणार होता.

सुपरवायझरांनीही खेळात यावं, असं जनरल मॅनेजरांच्या मनात आलं आणि एका गटाचे मुख्य अण्णा झाले. आधी ते तयार नव्हते, इंग्रजीची धास्ती होती. मीच त्यांना गळ घातली. मशीन शॉपमध्ये त्यांची भरपूर थट्टा झाली. “नमस्कार मालक, आमचा बोनस किती?” असं येता-जाता विचारलं जायचं. पण थट्टा करता करता सगळं शॉप त्या खेळात गुंतलं. कसोटी सामन्याचा स्कोअर विचारावा तसा कँटीनमध्ये रोज विचारला जाई, अण्णांची कंपनी कुठे आहे? अण्णा चांगले खेळत होते. भाव बेताचा, पंप चांगले, कामगार भरपूर. तिसरे-दुसरे असत.

‘काढायचे कामगार’ हा रकाना ते कोरा ठेवायचे. एकदा मी त्यांना म्हणालो, अण्णा, तिथे शून्य लिहावं. ते म्हणाले, “शून्य लिहायचं म्हणजे आधी विचार केला, मग नको म्हटलं, असं होतंय की. मी विचारच केला नाही.” मी हसलो. माझा तोडगा आहेच, असं मनात म्हणालो. पहिल्या फेऱ्यांत बिघडलं काही नाही, कारण त्यांच्या आधीचा गट हिशेब विभागाचा होता आणि त्यांनीही तोवर कोणाला काढलं नव्हतं. ते शून्य लिहीत. अण्णांना त्यांचं शून्य मिळत होतं.

शेवटच्या दिवशी जनरल मॅनेजर स्वतः आले, बरोबर दिल्लीहून आलेले पाहुणे. शेवटून दुसऱ्या फेरीचे निकाल वाटले गेले. मी दाराशी उभा होतो. कागदावरून नजर फिरवता फिरवता अण्णांचं बोट एका ठिकाणी थांबलेलं मला दिसलं. त्यांनी शेजारी बसलेल्या, आपल्याच गटातल्या तरुण इंजिनियरला काही विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग अण्णा उभे राहिले आणि इंग्रजी, कानडी मिसळून म्हणाले, आम्ही कोणालाही काढलेलं नाही, यात तीनशे माणसं काढली असं लिहिलंय.

तीनशे माणसं काढल्यामुळे त्यांच्या कंपनीत संप झाला होता. खेळात तशी तरतूद होती. उत्पादन जवळपास बंद पडलं होतं. प्रमुख मिस्कीलपणे म्हणाले, काढल्याशिवाय संप कसा होईल? सभागृह हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी बघून येतो म्हणालो आणि संगणकाच्या खोलीत गेलो. अण्णांच्या गटाचं कार्ड काढून उजेडात धरलं. त्या रकान्याच्या जागी एकही भोक नव्हतं. त्याच्या आधीचं कार्ड काढलं, हिशेब विभागाचं. तिथे तीनशे. मला प्रोग्राम उघडायचीही गरज पडली नाही. कुठली ओळ मी काढली आणि कुठली घातली, ते त्या थंड खोलीत उभ्या उभ्या डोळ्यांसमोर आलं.

कार्डांवर भोकं पाडण्याचं काम करणारी बाई नवीनच लागलेली होती. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं, “सर, माझी चूक तर नाही ना झाली?”

मी म्हणालो, नाही, तुझी काहीच चूक नाही.

हे मी तिला सांगू शकलो. परत जाऊन सभागृहात एवढंच सांगायचं होतं. चूक प्रोग्रामची आहे, फेरी पुन्हा चालवतो. थोडा वेळ लागला असता, पाहुण्यांनी आणखी एक कॉफी घेतली असती. मी ते वाक्य मनात जुळवतच सभागृहापर्यंत गेलो. दारात पोहोचलो तेव्हा जनरल मॅनेजर पाहुण्यांना सांगत होते की हा मूळ प्रोग्राम बाहेरचा, पण आमच्या मुलाने तो इतका वेगवान केला की आता बाहेरचे लोक तो आमच्याकडून मागतील. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, काय, मशीन चुकलं की काय?

“मशीनमध्ये काही दोष नाही, सर,” मी म्हणालो.

पुढची कित्येक वर्षं मी या वाक्याच्या आडोशाला राहिलो. मशीनमध्ये खरंच दोष नव्हता. दोष मी त्याला दिलेल्या सूचनांत होता. पण सभागृहाने जे ऐकलं ते मला ठाऊक होतं, आणि ते तसंच ऐकलं जावं म्हणून मी ते तसं बोललो होतो. कागद फाडलेले होते. कार्डावरची भोकं वाचता येणारी माणसं संगणकाच्या खोलीत होती, सभागृहात नव्हती.

आता प्रमुखांनी अण्णांना विचारलं की कागद कोणी भरला होता. तरुण इंजिनियर पांढराफटक पडला. कागद त्यानेच भरला होता. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. सही माझी होती. म्हणजे काढले ते मीच.” आणि खाली बसले.

शेवटच्या फेरीआधी मी एक सूचना लिहून त्या बाईकडे नेली. पाटी पुसण्याची. तिने कार्डावर भोकं पाडली, ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “हे आधी होतं ना सर?” मी कार्ड घेऊन वळलो. तिने पुन्हा विचारलं नाही. कार्ड गठ्ठ्यात गेलं. दुरुस्ती पुरी झाली. शेवटच्या फेरीत अण्णांनी तो रकाना पुन्हा कोरा सोडला होता आणि संगणकाने या वेळी कोणालाही काढलं नाही. त्याकडे बघायला कोणी उरलं नव्हतं.

दुपारच्या जेवणापर्यंत बातमी मशीन शॉपमध्ये पोहोचली. मी कँटीनमध्ये लांब बसलो होतो. अण्णा ताट घेऊन रोजच्या टेबलापाशी आले. तिथल्या एका जुन्या फिटरने, जो त्यांच्याबरोबर भरती झाला होता, सरकून जागा केली नाही. तो म्हणाला, “यंत्र माणसं काढणार नाही म्हणाला होतात अण्णा. खरंच बोललात. यंत्रानं नाही काढली.” कोणी हसलं नाही. हसले असते तर निभावलं असतं. अण्णा ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर बसले.

कोणाला वाटेल, खेळच तो. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण त्या दिवसांत कारखान्यात खरोखरच माणसं कमी करण्याची कुजबुज होती आणि कामगारांना वाटलं की साहेबांच्या पंक्तीला बसवल्यावर हा माणूस काय करील ते कळलं. विचारायला येणारी माणसं कमी झाली. मग कामगार आणि व्यवस्थापन यांची जी समिती असे, तिच्यावर दरवर्षी अण्णांना बिनविरोध पाठवत, तिथे दुसरं नाव पुढे आलं. अण्णांनी आपण होऊन माघार घेतली. त्यानंतर त्यांनी स्टोअर्समध्ये बदली मागून घेतली. मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस नटबोल्टांच्या खणांमध्ये जाऊन बसला.

तरी एका रविवारी मी जेवायला गेलोच. गेलो नसतो तर संशय आला असता, म्हणून गेलो. जेवताना अण्णा म्हणाले, “त्या पोराला मी काही विचारलं नाही. आकडा लिहिताना हात चुकला असेल त्याचा. नवीन आहे, रेकॉर्डवर आलं तर जन्मभर नडेल.” अक्का म्हणाल्या, पण मग तुम्ही का सोसायचं? अण्णा म्हणाले, “आणखी कुणी सोसायचं?” आणि मला भात वाढायला अक्कांना सांगितलं. मी तो भात खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुढच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला पाठवलं. परत आलो तो वरच्या जागेवर. रविवार आधी महिन्यातून एक झाला, मग सणावारी, मग बंद. तो तरुण इंजिनियर नोकरी सोडून गेला. का, ते मी विचारलं नाही.

अण्णा निवृत्त होऊन बंगळूरजवळ देवनहळ्ळीला अक्कांच्या माहेरच्या जमिनीवर राहायला गेले. पुष्कळ वर्षांनी एकदा मी तिथे गेलो. ठरवून गेलो होतो. बसमध्ये सबंध वेळ वाक्य घोकत होतो. कानडीत म्हणावं की मराठीत, याचाही विचार केला आणि मराठीत म्हणायचं ठरवलं.

अण्णा ओट्यावर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की माझं सगळं जुळवलेलं विस्कटलं. अक्कांनी कॉफी आणली. मी शेंगा सोलू लागलो. त्यांनी विचारलं, संगणक आता केवढा झाला? मी म्हणालो, टेबलावर मावतो. ते म्हणाले, “मग आता चपला काढाव्या लागत नसतील.” मी आणखी एक शेंग उचलली. मी म्हणालो, अण्णा, त्या खेळाचं एक सांगायचं होतं.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली नाही. म्हणाले, “ते सोड बा. एक मात्र सांगतो तुला. मी त्या दिवशी मशीनशी भांडणार होतो. सगळ्या साहेबांसमोर. पण तू बघून आलास आणि मशीन ठीक आहे म्हणालास. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस, म्हणून गप्प बसलो. नाहीतर हसं झालं असतं माझं.”

ते मनापासून बोलत होते. टोमणा असता तर मी सांगून मोकळा झालो असतो. मी नुसती मान हलवली. अक्कांनी बरोबर द्यायला शेंगांची पिशवी भरली. अण्णा फाट्यापर्यंत सोडायला आले, माझ्याआधी त्यांनीच हात करून बस थांबवली आणि कंडक्टरला कानडीत सांगितलं की आपला माणूस आहे, नीट बसव. पुन्हा येईन म्हणालो. खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत मला वाटत होतं की अजून उतरता येईल.

पुन्हा गेलो तेव्हा अक्का एकट्या होत्या. त्यांना सांगण्याचं धाडस झालं नाही. आता त्याही नाहीत. मशीन शॉपमधलं, ते तीनशे आठवणारं, कोणी उरलं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बसमध्ये घोकलेलं वाक्य काही लांब नव्हतं. अजून पाठ आहे.

अण्णा, तुम्ही कोणालाही काढलं नव्हतं. त्या पोराचा हात चुकला नव्हता. रकाना तुम्ही सोडला तसाच कोरा होता, मी तो डोळ्यांनी बघितला, आणि बाहेर येऊन खोटं बोललो. मला माफ करा.